दोन मिनिटांत घंटा

"मान वर. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत बघून बोलायचं," आईनं लेकीच्या कानात पाचव्यांदा सांगितलं. लेकीनं मान वर केली आणि पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. एवढ्या उकाड्यात!

ही तिसरी शाळा. सातवीला गणितात पैकीच्या पैकी गुण, पण मुलगी ऑटिस्टिक आहे म्हटल्यावर आधीच्या दोन्ही शाळांनी हात झटकले होते. "हुशार आहे हो, पण आमच्याकडे तशी सोय नाही." म्हणून या वेळी आईनं डॉक्टरांची फाईल घरीच ठेवली आणि लेकीचे आवाज अडवणारे हेडफोन पर्सच्या तळाशी कोंबले. एकदा प्रवेश होऊ दे, मग बघू. बाबांना हे पटलं नव्हतं, पण त्यांचं घरात चालतं कुठे!

मोठ्या बाईंचं लक्षण काही ठीक दिसेना. 'या, बसा' नाही, हसणं नाही. टेबलावर पाच पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. बाबांनी सहज एक उचलली, तर बाईंनी ती त्यांच्या हातातून काढून परत जागेवर ठेवली. बोलतानाही नजर गुणपत्रिकेवरच. बाई कसल्या, नुसता दगड! इथेही आपली डाळ शिजत नाही, हे आईनं ओळखलं. यादीत चौथी शाळाच नव्हती.

तेवढ्यात शिपाईकाकांनी दारातून डोकं आत घातलं.

"बाई, दोन मिनिटांत घंटा."

घंटा झाली की लेक कान दाबून टेबलाखाली बसणार आणि सगळं बिंग फुटणार. आई घाईघाईनं उठली. "बाई, आम्ही जरा बाहेर जाऊन येतो..."

मोठ्या बाईंनी खण उघडला. आतून जाडजूड हेडफोन काढले आणि स्वतःच्याच डोक्यावर चढवले. मग एक कान मोकळा करून त्यांनी लेकीला विचारलं, "तुझे कुठेत?"

"आईनं पर्समध्ये लपवलेत."

बाबा फसकन हसले. आईला हसावं की रडावं कळेना. तिनं पर्स सरळ टेबलावर पालथी केली. छातीवरचं ओझंच उतरलं जणू.

"द्या तिला पटकन," बाई गुणपत्रिकेकडे बघतच म्हणाल्या. "आणि सोमवारी वर्गात पाठवताना लपवू नका."