मांडी घातलेला पुतळा

प्रेमाबाईंच्या हातात मशाल आली, तेव्हा वाशी गावाचा सारा चौक मोबाइल उंच धरून उभा होता. चौकाला तमाशा कधी नको असतो?

"पेटवा, काकू," पुतण्या शिवानंद म्हणाला. "एकाहत्तरच्या लढाईत काकांनी तिथं जीव दिला, तवा कुठं बांगलादेश झाला. अन् आज आपल्यालाच डोळे दाखवायलेत, बेइमान! पहिला मान तुमचा."

राग प्रेमाबाईंनाही होताच. टीव्हीवर तिकडच्या घोषणा ऐकून त्यांनी भरलं ताट बाजूला सारलं होतं. नवरा कुणासाठी गेला, असं देवापुढं बसून विचारलं होतं. आज त्या आपल्या पायांनी आल्या होत्या.

बांगलादेशाच्या नावाची पाटी लावलेला पुतळा हातगाड्यावर होता. तो काही केल्या उभा राहीना, म्हणून पोरांनी त्याला मांडी घालून बसवला होता. पोटात तेरखेड्याचे फटाके ठासले होते.

प्रेमाबाई जवळ गेल्या आणि थबकल्या. मशालीचं तेल मनगटावर ओघळलं तरी त्यांना कळलं नाही.

"काकू, वात हिकडून हाय!"

"शिवानंदा, तुझ्या काकांना तिथल्या लोकांनीच माती दिली. मुसलमान माणसं. संगतीच्या जवानानं त्यांना सांगितलं, ह्यो लिंगायत हाय, ह्याला निजवू नका, ह्यांच्यात बसवून पुरत्यात. वरून गोळे पडायलेले, तरी त्यांनी खड्डा आणखी खोल खांदला. असंच मांडी घालून बसवलं. गळ्यातलं लिंग हातात दिलं."

"ती माणसं गेली, काकू. आता उपकार कोण ध्यानात ठेवतंय?"

"आपण ठिवला का?"

"म्हातारीला जमत नसंल तर दुसऱ्याला द्या!" मागून कुणीतरी ओरडलं. घोषणा वाढल्या. शिवानंदनं काकूंच्या हातातली मशाल ओढून घेतली आणि वातीकडं वळला.

प्रेमाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. चिमूटभर विभूती घेऊन पुतळ्याच्या कपाळावर तीन बोटं ओढली. मग गाड्याच्या कडेला हात टेकून त्या कशाबशा वर चढल्या आणि पुतळ्याच्या मांडीला मांडी लावून बसल्या.

"आपल्यात जाळत न्हाईत रे," त्या म्हणाल्या. "त्यांना कळलं हुतं."

घोषणा एकेक करत विझल्या. ठिणगी काकूंच्या अंगावर उडू नये म्हणून शिवानंद मशाल डोक्यावर धरून मागं मागं सरकत राहिला.