चिमणीचा मजला

"आईबाबा, तुम्ही वेगळे होणार आहात का?"

'विचारून दाखवच!' असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून चिमणीने एका दमात विचारून टाकलं.

"आईला विचार," बाबा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले.

"त्यांनाच विचार," आईचंही डोकं मोबाइलमध्येच.

सोफ्याच्या दोन टोकांना बसून दोघंही तोच फुकटातला टॉवर बांधायचा गेम खेळत होते. चिमणीने दोघांच्याही खांद्यांवरून डोकावून मजल्यांना दिलेली नावं वाचली. बाबांच्या टॉवरमध्ये बाबा आणि चिमणी राहत होते. आईच्या टॉवरमध्ये आई आणि चिमणी.

तिने दप्तर खांद्याला अडकवलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली.



"मी मावशीकडे राहायला चालले! दोघं मिळून न्यायला याल, तेव्हाच परत येईन."