तारेतला आवाज

हौसाबाईंनी तारेचं वेटोळं मृदुलाच्या टेबलावर ठेवलं. "आमचे हे वारले, त्याआधी त्यांनी साच्यातून ओढलेली ही शेवटची तार. ओढताना गायचे ते. तुमचं मशीन तारेतला आवाज ऐकवतं ना?"

मृदुलाने तार मशीनवर चढवली. नुसती खरखर आली. तिने पडद्यावर तारेचे कण मोठे करून पाहिले. ओढताना पोलादाचे कण लांबट होतात आणि आवाज त्यांतच उमटून राहतो. इथे मात्र सगळे कण पुन्हा गोल झाले होते, आवाज पुसला गेला होता.

"मावशी, तार तापवलीत?"

"कालच. ताठ तार मशीनमध्ये तुटली असती, म्हणून भट्टीत मऊ करून आणली. तीस वर्षं मी कारखान्यात तेच तर केलं."

मृदुलाने मशीन थांबवलं.

"मीच मध्ये बोलले, म्हणून ऐकू आलं नसेल. पुन्हा लाव बाई," म्हणत हौसाबाईंनी तोंडावर पदर घट्ट धरला.