न मागितलेली गाणी

"ऐक, पुंडलिक! आता खालच्या सुरातली गिटार येतेय बघ," सुरेश साहेब म्हणाले आणि त्यांचं बोट टेबलावर नाचू लागलं.

पुंडलिकने मान डोलावली. चोरट्या नजरेने साहेबांच्या बोटाकडे बघत त्याने स्वतःचं बोटही त्याच ठेक्यावर आपटलं.

आखातातल्या अहमदीच्या बाजूच्या त्या गॅस प्लांटमध्ये जेवणाच्या सुट्टीत हे रोज चाले. दुपारी रेडिओवर एक निवेदक जुन्या परदेशी रॉक बँडची गाणी लावायचा, तीही गाजलेली नव्हेत. कॅसेटच्या मागच्या बाजूला पडून राहिलेली, फर्माईश कोणी कधी केली नाही अशी. साहेबांनी पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर त्यांची पारायणं केली होती. बाकीची मंडळी मात्र दुपार झाली की डबे उचलून मेसमध्ये पळ काढत. ते किंचाळणं ऐकत जेवायचं म्हणजे शिक्षाच, असं त्यांचं मत.

उरायचा एकटा पुंडलिक. देवगडकडचा फिटर, जन्मात भजनापलीकडे काही ऐकलं नाही, तो रॉकचा एवढा दर्दी कसा झाला याचं सगळ्यांना नवल वाटे.

दर्दी कसला! त्याला काही ऐकूच येत नव्हतं. कंप्रेसर हाउसमधल्या घरघरीने त्याचे दोन्ही कान खाऊन टाकले होते. कानाशी तोंड आणून कोणी ओरडलं तर शब्द कळत, एरवी तो ओठांवरून ओळखायचा. व्हिडिओ कॉलवर बायको नर्मदा काय म्हणाली ते हुकलं, की "नेटवर्क नाय गो" म्हणून मोकळा व्हायचा. कंपनीला कळलं असतं तर काम गेलं असतं, इथे राहायचा परवाना, तो इकामा गेला असता, आणि या वयात देवगडला जाऊन करायचं काय? म्हणून हा रेडिओ. रोज हौसेने गाणी ऐकणाऱ्या माणसाच्या कानांवर शंका कोण घेणार?

साहेबांपुढे नाटक करणं सोपं नव्हतं. माणूस कडक. कोणी बोलू लागलं की त्याच्या तोंडाकडे रोखून बघायचे, समोरच्याला घाम फुटायचा. कामाचं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागायचे, तोंडी सांगितलेलं चालायचं नाही. आवाज तर असा, की पुंडलिकलासुद्धा अधूनमधून ऐकू यावा. पण कपाटावरच्या त्या रेडिओचं बटण फिरवलं की साहेब विरघळत. डोळे मिटून म्हणत, "काय वाजवलंय लेकाने! आणि याला कुणी विचारलं नाही बघ."

टेबल कशाने तरी थरथरायचं. पुंडलिक त्यावर तळवा टेकवून गाण्याचा अंदाज घ्यायचा. कधी त्याचं बोट आधी हलायचं आणि साहेबही तोच ठेका उचलायचे. चला, आज बरोबर आलं, म्हणून त्याला हायसं वाटे. खरं सांगायचं तर दिवसातली ही एक सुट्टी त्याला मनापासून आवडू लागली होती.

आज मात्र त्याने डबा उघडलाच नव्हता. सकाळीच साहेबांचा मेसेज आला होता, 'जेवणानंतर कंप्रेसर हाउस. आत इम्तियाज, दारावर पुंडलिक.'

आतला माणूस कान झाकून काम करणार आणि दारावरचा कान उघडे ठेवणार, असा नियम. गॅसगळतीचा भोंगा झाला की दारावरच्याने आत धावायचं आणि त्याला खेचून बाहेर काढायचं. दारावरचा लाल दिवा भर उन्हात दिसत नाही. भरवसा काय तो कानांचा. इम्तियाज त्याच्या शेजारच्या कॉटवर झोपणारा. ईदला त्याने शेवयांचं पहिलं वाडगं पुंडलिकला आणून दिलं होतं.

पोटापायी खोटं बोलणं वेगळं आणि दुसऱ्याचा जीव घेणं वेगळं.

"साहेब," पुंडलिक हात जोडून म्हणाला, "मला दारावर उभं करू नका. माझे कान गेलेत. ही गाणीसुद्धा मी... तुमचं बोट बघून ठेका धरतो."

साहेब त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचा रंगच उडाला त्यांच्या.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होत आली."

साहेबांनी नजर खिडकीकडे वळवली. ओरडतील, हाकलतील, म्हणून पुंडलिक खाली मान घालून उभा राहिला. मग खांद्यावर हात पडला.

"कुणाला बोलू नकोस," साहेब सावकाश म्हणाले, शब्द न् शब्द ओठांवर दिसेल असे. "दारावर मी उभा राहतो. मी आहे ना!"

पुंडलिकला रडूच फुटलं. दोन वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि इम्तियाजही वाचला होता. देव दुसरा कसा असतो?

"ठेका मात्र कधी चुकला नाहीस हो," साहेब म्हणाले, आणि कपाटावर हात लांब करून त्यांनी रेडिओचं बटण आणखी थोडं फिरवलं.

तेवढ्यात इम्तियाज आला, कामाला तयार होऊन, गळ्यात इअरमफ अडकवून. पुंडलिककडे बघून हसला आणि कपाटामागे वाकून त्याने चार्जिंगला लावलेली आपली टॉर्च काढली.

त्याला मदत करायला पुंडलिकही वाकला. भिंतीवर सॉकेट एकच होतं आणि त्यात टॉर्चचा चार्जर होता. रेडिओची वायर गुंडाळून, वर रबर लावून, खाली धुळीत पडली होती. त्याने इम्तियाजची बाही ओढली आणि बोटाने ती दाखवली.

इम्तियाज त्याच्या कानाशी येऊन ओरडला, "ये? ये तो ईद के बाद से निकाला हुआ है, रेडियो बंद पड़ा है!" मग इअरमफ कानांवर चढवत तो कंप्रेसर हाउसकडे निघाला.

पुंडलिकने वळून पाहिलं. साहेबांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांचं बोट टेबलावर ठेका धरून होतं.

"वा!" साहेब म्हणाले. "काय गाणं लावलंय आज!"