खाली बघा

कॅमेऱ्याला दिसलं: दोन हात, पांढरी कॉलर, सुई.

कॅमेरा तिच्या कपाळावर पट्ट्यानं बांधला होता. शिलाईच्या त्या शेडमधल्या प्रत्येकीच्याच कपाळावर होता. साहेबांनी सकाळी समजावलं होतं, की कॅमेऱ्यात जे दिसेल ते रोबो शिकणार आणि मग बायकांचं काम हलकं होणार.

"इतकं हलकं, की आपण उडूनच जाऊ," शेजारच्या मशीनवरून नणंद म्हणाली.

कॉलर शिवून पलटायची, आतून अंगठा घालून टोक बाहेर काढायचं. हे टोक तिला सासूनं शिकवलं होतं, वर्षभर टोमणे मारून. रोबोला ते टोमण्यांशिवाय हवं होतं.

तिनं मान वर केली. हात चालूच राहिले.

कॅमेऱ्याला दिसलं: पत्रा. पंखा. कोळ्याचं जाळं.

माळ्यावर साहेबांची केबिन. काचेमागे मोठा पडदा, त्यात प्रत्येकीची एकेक चौकट. सगळ्यांत हात, एकीत पंखा. स्पीकरमधून साहेबांनी खाली बघून शिवायला सांगितलं.

"बोटं लाजरी आहेत, साहेब," ती म्हणाली. "बघितलं की चुकतात."

हशा पिकला. मग साहेब म्हणाले, जिच्या चौकटीत हात दिसणार नाहीत, तिनं उद्यापासून येऊ नये.

हशा विझला. मशीनही थांबल्या. घरात कमावत्या या दोघीच.

"वहिनी, खाली बघ गं," नणंद पुटपुटली.

तिनं न बघता शिवलेली कॉलर नणंदेच्या मांडीवर टाकली. नणंदेनं टोकावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"आईचंच टोक," ती म्हणाली, आणि तिनंही मान वर केली. मग मागच्या रांगेतल्या गरोदर बाईनं. मग तिच्या पुढचीनं. मग कुणाची पाळी ते कळेना.

मशीन सुरू झाल्या. जरा वेळ कुणी पत्रा बघितला, कुणी पंखा. पण पत्र्यात बघण्यासारखं होतंच काय? एकेक करून सगळ्यांच्या नजरा माळ्यावर गेल्या.

कॅमेऱ्याला दिसलं: काच. काचेमागे साहेब.

पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीत साहेब.

"शिकू दे रोबोला," नणंद म्हणाली. "साहेबांचंही काम हलकं होईल."

वर साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. सगळ्या चौकटींत तो एकदम पुसला गेला.