बोंगोचं पाणी

कुमासी शहरातल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोलादी गोळ्यांचं पिंप सकाळपासून खडखडत फिरत होतं. आत संशोधक विद्यार्थी आयिनेने गावाहून, बोंगोहून, आणलेला जांभा दगड दळला जात होता. पिंप थांबल्यावर यंत्रं सांभाळणाऱ्या सेरवाने चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहिली.

"अरे, कसाव्याच्या पिठाहून मऊ झालं की! आता आणखी काय दळतोस?"

"अजून बारीक हवं, आंटी. साध्या भिंगातूनही कण दिसता कामा नयेत. पूड जितकी बारीक, तितकं ती पाण्यातलं जास्त फ्लोराइड धरून ठेवील."

त्याने पुन्हा झाकण आवळलं. सेरवाला राहवेना.

"बाकीची पोरं कशी आरामात पदव्या घेतात. तुझ्याच मागे कोण लागलंय एवढं?"

आयिनेने ओठ मागे ओढून दात दाखवले. तपकिरी, खड्डे पडलेले.

"आमच्या बोअरचं पाणी, आंटी. लहानपणापासून प्यालो."

सेरवा हळहळली. "पण बाबा, असे खराब झालेले दात आता कुठले पांढरे व्हायला?"

"माझे नाहीच होणार. सकाळी बायकोचा गावाहून फोन आला होता. लेकीनं अंगावरचं दूध सोडलं. आता पाणी मागते."