तीन म्हणायचं राहिलं

“वहिनी, कॉट जरा भिंतीपासून ओढा. मला गुडघे टेकायला जागा हवी,” पंच म्हणाले.

काकूंनी कॉट ओढली, वर पडलेल्या नवऱ्यासकट. नवरा म्हणजे भूकंप; हे त्याचं रिंगमधलं नाव. फ्री स्टाइल कुस्तीच्या दिवसांत हा माणूस रिंगमध्ये उतरला की पहिल्या रांगेतले लोक खुर्च्या मागे सरकवायचे. आता खुब्याचं ऑपरेशन होऊन किती दिवस लोटले, पण गडी अंथरूण सोडायला तयार नव्हता. हाड जुळलं होतं. व्यायाम शिकवायला येणारी बाई कालच स्पष्ट बोलून गेली, “आता उभे राहिले नाहीत, तर कायमचे आडवे.” काकूंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी ओट्यापाशी उभं राहून रडूनही पाहिलं. भूकंप ढिम्म. पोटासाठी जन्मभर पडत आलेला माणूस, आणि त्याला पडायची भीती वाटत होती!

अशात हे दोघे येऊन टपकले होते. पंचांनी तोच जुना पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट चढवला होता. पोटावरच्या बटणांनी कधीच हात टेकले होते. त्यांच्यामागे कवटी, भूकंपचा कायमचा प्रतिस्पर्धी. तोंडावर कवटीचा मुखवटा आणि मुखवट्यावर चष्मा.

“भावजी, जिन्यात पोरं घाबरली असतील हो!”

“घाबरतायत कसली. हसली,” कवटी खिन्न होऊन म्हणाला.

बंद पडलेल्या एका टीव्ही स्टेशनच्या तळघरात पोतंभर टेप सापडल्या होत्या. सगळ्या यांच्याच कुस्त्यांच्या. पंचांनी त्यातली एक आणली होती, आणि ती लावायला कुणाचं तरी खटारा मशीनही. पडद्यावर मुंग्या नाचल्या, मग तरणाबांड भूकंप दिसला. तरण्याबांड कवटीने त्याला डोक्यावर उचललं, दाणकन आपटलं आणि छातीवर आडवा पडला. पंच चटईवर हात आपटू लागले. एक. दोन. खऱ्या पंचांनी मशीनचं बटण दाबलं. चित्र थांबलं.

“आपली शेवटची लढत,” पंच म्हणाले. “इथं दिवे गेले. तीन म्हणायचं राहिलं. निकाल लागलाच नाही. म्हणजे नियमाप्रमाणे लढत अजून चालू आहे.”

भूकंपने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“दिवे गेले होते?”

“गेले होते.”

“मग मी कपडे कसे बदलले?”

“अंधारात.”

“हं,” भूकंप म्हणाला.

दिवे गेले होते की नाही, काकूंना ठाऊक नव्हतं. जिंकलात की हरलात, हे त्यांनी नवऱ्याला कधी विचारलंच नव्हतं. घरी आला की आधी हाडं चाचपायची, मग ताट वाढायचं. लग्नानंतर एकदाच विचारलं होतं, एवढं आपटतात, तरी तुम्ही वाचता कसे? तेव्हा तो म्हणाला होता, “एकानं डाव टाकायचा, दुसऱ्यानं साथ द्यायची. साथ दिली नाही, तर दोघांचीही हाडं मोडतात.”

कवटी कॉटला टेकला आणि त्याने भूकंपच्या छातीवर तळवा ठेवला.

“भावजी, खुब्याला धक्का लागला तर याद राखा!”

“वहिनी, प्रेक्षकांनी गप्प बसावं,” पंच म्हणाले आणि गुडघ्यांवर बसले. बसायलाच त्यांना बराच वेळ लागला. “खांदे टेकलेले आहेत. मी तीन म्हटलं की हा हरला. कायमचा.”

त्यांनी फरशीवर हात आपटला. “एक!”

भूकंप छताकडे बघत पडून राहिला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी झाडूच्या दांड्याने ठोकलं.

“दोन!”

हा वेडेपणा आहे हे काकूंना कळत होतं, तरी त्या ओरडल्या, “अहो, उठा ना! त्या कवटीकडून हरताय काय!”

पंचांचा हात वर गेला. वरच थांबला. खाली यायचं नावच घेईना. आणि भूकंपचा खांदा गादीवरून सुटला.

कवटी भेलकांडत मागे गेला आणि खुर्चीत कोसळला. भूकंप उठून बसला. त्याने पाय खाली सोडले, वॉकर धरला, दात-ओठ खात उभा राहिला. मग कुणाकडेही न बघता, एकेक पाऊल टाकत बाथरूमपर्यंत गेला. कवटी चष्मा काढून मुखवट्यावरूनच डोळे पुसू लागला.

काकूंना हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. टीव्ही बंद करायला त्या उठल्या आणि गडबडीत मशीनचं भलतंच बटण दाबलं. चित्र पुढे सुरू झालं. दिवेबिवे काही गेले नव्हते. लख्ख उजेडात पंचांनी तिसऱ्यांदा हात आपटला, घंटा झाली, कवटीचा हात उंचावला गेला आणि भूकंपला चौघांनी उचलून नेलं.

काकूंनी पंचांकडे पाहिलं. ते अजून फरशीवरच होते. उठता येत नव्हतं.

“काय करणार वहिनी,” ते हळूच म्हणाले. “आमच्या धंद्यात निकाल आधीच ठरवावा लागतो. त्याला मात्र सांगू नका हं.”

“अगं, बंद कर ते!” बाथरूममधून भूकंपचा आवाज आला. “पुढचं मला पाठ आहे. आणि पंचांना हात देऊन उठव. या वयात बिचाऱ्यांनी एवढा डाव टाकला, मग साथ नको द्यायला?”